नेटलाही दुसरी वाट हवी

मा. संपादक,
स. न.

पावसाळा तोंडावर आला आहे, म्हणून हे पत्र आत्ताच लिहिते. जुलैत लिहिलं तर पाठवता येईलच याची खात्री नाही.

भंडारा जिल्ह्यात चुलबंद आणि वैनगंगेच्या मधल्या पट्ट्यात आमचं गाव आहे. दोन बाजूंना नदी, तिसऱ्या बाजूला नाला. तालुक्याला जाणारा एकच रस्ता, तोही नाल्यावरच्या रपट्यावरून, म्हणजे बुटक्या पुलावरून. गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडले आणि वैनगंगा फुगली की नाल्याचं पाणी नदीत उतरत नाही, उलटं मागे चढतं. रपटा बुडतो आणि आमचं बेट होतं, कधी एक दिवस तर कधी चार. बेटावर कसं राहायचं हे गावाला ठाऊक आहे. ढिवरांचे डोंगे आहेत, घरात तांदूळ आहे, दिवस भरत आलेल्या बाईला आठवडाभर आधीच तालुक्याला नेऊन ठेवतात. पण आता नेटशिवाय सरकारी काम होत नाही आणि बेट झालं की सगळ्यात आधी नेटच जातं.

मी गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. घराच्या छपरीतच टेबल, प्रिंटर आणि अंगठ्याचं मशीन मांडलं आहे. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, म्हाताऱ्यांचे हयातीचे दाखले, लाडक्या बहिणींची केवायसी, शेतकऱ्यांचे ओळख क्रमांक, सगळं इथे होतं. माझ्याकडे दोन कंपन्यांची दोन सिमं आहेत. एकाची रेंज छपरीत येते, पण संध्याकाळी मुलं घरी आली की पान उघडायला पाच-पाच मिनिटं लागतात. दुसऱ्याची रेंज फक्त मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर मिळते.

गेल्या वर्षीपासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. शेजारच्या मुलीला दहावीला चांगले मार्क पडले होते. नोंदणी तिच्या वडिलांच्या नंबरावर आणि त्या नंबराची रेंज पाळीवर. रात्री दहाला आम्ही बसलो. तिचा भाऊ फोन घेऊन पाळीवर उभा राहिला, दुसरा एक मुलगा मधल्या वळणावर. ओटीपी आला की भावाने ओरडून आकडे सांगायचे, मधल्याने ते पुढे ओरडायचे आणि मी टाकायचे. पहिला ओटीपी पोचेपर्यंत त्याची वेळ संपली. दुसऱ्या वेळी आकडा ऐकण्यात चूक झाली. तिसरा लागला, तर माझ्या इथलं पान अडकलं. पसंतीक्रम भरून झाला तेव्हा रात्रीचा सव्वा वाजला होता. हा नंबर कोणालाही सांगू नका, असं त्याच मेसेजमध्ये लिहिलेलं असतं. आमच्याकडे तो अर्ध्या गावाने ऐकला. ती मुलगी तोंडातून एक शब्द न काढता माझ्या बाजूला बसून होती. कागद हातात आला तेव्हा तिला रडू कोसळलं.

संपादक महोदय, आमच्या गावात फायबर नाही असं नाही. सहा-सात वर्षांपूर्वी रस्त्याच्या कडेने चर खणून केशरी नळी टाकली, त्यातून तार आली आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत भिंतीवर पेटी बसली. काही महिने नेट चाललं आणि फार छान चाललं. त्या दिवसांत पोरं ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांवर बसून अभ्यासाचे व्हिडिओ पाहायची. मग रस्ता रुंद करताना जेसीबीच्या दाताने तार तोडली. ती जोडली, पुन्हा तुटली. रपट्याजवळ शेवटची तुटली ती दीड वर्षापूर्वी, ती अजून जोडलेली नाही. मी दर सोमवारी जाऊन पेटी बघते. वीज असल्याचा हिरवा दिवा लागलेला असतो आणि त्याच्या बाजूला एलओएस लिहिलेला लाल दिवा उघडझाप करत असतो. तारेतून उजेड येत नाही, असा त्याचा अर्थ. दुरुस्ती कोणाकडे म्हणून विचारलं तर एक कार्यालय दुसऱ्याचं नाव सांगतं आणि दुसरं म्हणतं, कंत्राट संपलं.

ग्रामपंचायतींना फायबरने जोडायची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली, २०१५ मध्ये तिला भारतनेट नाव मिळालं. अडीच लाख ग्रामपंचायती, प्रत्येकीला १०० एमबीपीएस, असं तेव्हापासून ठरलेलं आहे. पैसा आला तो कंपन्यांच्या महसुलातून कापल्या जाणाऱ्या ५ टक्क्यांच्या निधीतून. म्हणजे आम्ही मारलेल्या रिचार्जमधूनच. त्यामुळे हे कोणी आमच्यावर केलेले उपकार आहेत असं मी मानत नाही.

तार तुटते हे मी समजू शकते. पण तालुक्याहून निघालेली एकच तार एका गावाहून दुसऱ्या गावाला जाते. मध्ये कुठेही एक घाव बसला की पुढची सगळी गावं एकदम बंद. आमचा रस्ता जसा एकच, तशी तारही एकच, आणि दोन्ही त्याच रपट्यावरून येतात. काचेच्या तारेला पाण्याचं वावडं नाही. पण पुराने कडेची माती वाहून गेली की तार उघडी पडते आणि ताणली जाते, नीट बंद न केलेल्या जोडात पाणी शिरतं. मग पेटीची बॅटरी भरलेली असून उपयोग काय?

सरकारलाही हे कळलेलं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित भारतनेटला १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. त्यात ग्रामपंचायती ‘रिंग’मध्ये जोडायच्या आणि दहा वर्षांची देखभाल आधीच कंत्राटात धरायची असं आहे. रिंग म्हणजे तारेला दोन्हीकडून वाट. एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने नेट चालू. आम्हाला हवं ते नेमकं हेच. पण मला भीती आहे ती नकाशाची. रिंग तालुक्याच्या हद्दीत बसवली तर तिच्या दोन्ही तारा त्याच रस्त्याच्या डाव्या-उजव्या कडेने येतील, त्याच नाल्यावरून. कागदावर रिंग, पुरात मात्र पुन्हा बेटच.

माझं माहेर नदीपलीकडे, ब्रह्मपुरी तालुक्यात. जिल्हा बदलतो, पण नदी ओलांडली की गाव समोरच आहे आणि उंचावर आहे. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला तो मोठा पूर आला तेव्हा आमच्या बाजूचा टॉवर दुसऱ्या दिवशी बंद पडला. रात्री मला माहेरच्या देवळाचा दिवा पाण्यापलीकडे दिसत होता. आई कशी आहे हे मात्र मला चौथ्या दिवशी, डोंग्यावाल्याकडून कळलं. आमची दुसरी वाट त्या बाजूने यायला हवी. नदीवरच्या एखाद्या पुलाच्या कठड्याला नळी बांधून तार आणता येईल. दोन जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांनी एका टेबलावर बसायची तेवढी गरज आहे.

हे अवघड आहे असं कोणी म्हणू नये. त्याच ऑगस्ट २०२० च्या १० तारखेला चेन्नईहून अंदमान-निकोबारला समुद्राखालून गेलेल्या तारेचं उद्घाटन झालं होतं. सुमारे २,३०० किलोमीटर. जानेवारी २०२४ मध्ये कोचीहून लक्षद्वीपलाही तशीच तार पोचली. मला त्याचा मनापासून आनंद झाला, कारण बेटावरच्या माणसाला पलीकडच्याशी बोलता न येणं काय असतं ते मी पाहिलं आहे. समुद्रातली बेटं जोडणाऱ्या देशाला एक नदी ओलांडायची आहे.

आता यंदाची निकड सांगते. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने जाहीर केलं, की २०२६ च्या खरिपापासून वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान आणि पाणी साचून झालेलं धानाचं नुकसान पीकविम्यात घेता येईल. पाणी साचून होणारं धानाचं नुकसान २०१८ मध्ये वगळलं होतं, आमच्या पट्ट्याने ते फार सोसलं. रानडुकरं एका रात्रीत बांधी लोळवतात आणि पुरात रोवणी सडते. पण अट आहे: नुकसान झाल्यापासून ७२ तासांत ॲपवर फोटोसह कळवायचं. पूर आला की पहिल्या ७२ तासांतच आमच्याकडे नेट नसतं. पाणी उतरल्यावर रपटा ओलांडून तालुक्याला पोचेपर्यंत मुदत गेलेली असेल. जिथे नुकसान सगळ्यात जास्त तिथेच ते कळवता येणार नाही. यावर राज्याच्या कृषी खात्याने आत्ताच उत्तर द्यावं, पुरानंतर नको.

परवडण्याचंही सांगते. २८ दिवसांचा रिचार्ज म्हणजे वर्षाला १३. एका रिचार्जला बाईची रोवणीची एका दिवसाची मजुरी जाते, आणि घरात फोन तीन. केरळ सरकारने २०२३ मध्ये स्वतःचं फायबर सुरू केलं, त्यातला सुरुवातीचा प्लॅन २० एमबीपीएसला महिना २९९ रुपये होता आणि गरीब घरांना फुकट जोडणी देण्याचंही ठरवलं. त्या दरात एक जोडणी सगळं घर वापरतं. ज्याला तेही जमत नाही त्याच्यासाठी डिसेंबर २०२० पासून पीएम-वाणी योजना आहे. त्यात दुकानदार किंवा माझ्यासारखी केंद्रचालक परवान्याशिवाय वायफाय विकू शकते, पाच-दहा रुपयांचं सुद्धा. मी त्याला तयार आहे. छपरी माझी, वीज माझी, पुरात चालावी म्हणून सोलरची बॅटरीही मी घेईन. माझ्या दारापर्यंत चालू तार तेवढी पोचायला हवी.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव छापलं की तेवढ्या एका गावची तार जोडतात, फोटो काढतात आणि बाजूची गावं तशीच राहतात. वैनगंगेच्या काठावर अशी गावं किती आहेत हे जिल्हा प्रशासनाला पूरप्रवण गावांच्या स्वतःच्याच यादीत सापडेल. त्या प्रत्येक गावाची तार कुठून येते आणि दुसरी कुठून येणार, याचा नकाशा धानाचे पऱ्हे (रोपं) टाकायच्या आधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा आणि त्याखाली दुरुस्तीसाठी कोणाला फोन करायचा तो एक नंबर असावा.

आपली विश्वासू,
एक सेवा केंद्रचालक
जि. भंडारा