बाबा, सही मीच केली

मुंबई, 10 नोव्हेंबर 2024

तीर्थरूप आई-बाबांना सविनय जयभीम.

कांदा लावून झाला का? आईच्या गुडघ्याचं तेल सोमवारी एसटीने येणाऱ्या मावशीकडे देते.

बाबा, तुमच्या कानावर आलंय ते खरं आहे. ठेक्यावरच्या बाईने पर्मनंट होण्यासाठी केस केलीय, तिच्या साक्षीच्या कागदावर सही मीच केली. फोनवरच बोलले असते, पण राग आला की तुम्ही फोन आईकडे देता आणि ती बिचारी ‘जेवलीस का’ एवढंच विचारते. म्हणून लिहितेय.

माझ्या शेजारच्या झाडायच्या बीटवर सहा वर्षं एक बाई झाडते. मी महापालिकेची पर्मनंट, ती ठेकेदाराची. हजेरीच्या चौकीत सगळे तिला जालनावाली म्हणतात. हातगाडी आमची दोघींत एक, तिचं डावं चाक वाकडं, ती एकटीने हलतच नाही. सकाळी साडेसहाला मी हजेरीच्या मशीनवर बोट टेकवते. ती ठेकेदाराच्या सुपरवायझरपुढे उभी राहते, तो मोबाइलवर तिचा फोटो काढतो आणि बाइकला किक मारून जातो. त्यानंतर ‘आज मार्केटकडे जा’ हे दोघींना सांगतो तो आमचाच मुकादम. हातमोजे ठेकेदार देत नाही. ती दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन हातात चढवते, मनगटाला रबर लावते. काच असली की पिशवी फाटते, मग दुसरी.

तिच्या हातात माझ्या निम्मासुद्धा पगार पडत नाही. यंदा दिवाळीला आम्हा पर्मनंटना 29,000 रुपये सानुग्रह अनुदान जाहीर झालं तेव्हा चौकीत पेढे वाटले. तिने पेढा घेतला, कागदात बांधला, मुलासाठी पिशवीत टाकला. मला पेढा गोड लागला नाही असं लिहिलं तर खोटं होईल. मी दोन खाल्ले. लाज वाटली ती रात्री.

तुमचं म्हणणं मला पाठ आहे. आम्ही वर्गणी भरली, मोर्चे काढले, संपात पगार कापून घेतला, तेव्हा मिळालं; ज्यांनी युनियन केली नाही त्यांनी आयतं मागू नये. मलाही हे पटायचं. पण बाबा, तिने युनियन करायची कुठे? मीच तिला तुमच्या जुन्या युनियनच्या ऑफिसात घेऊन गेले होते. तिथल्या भाऊंनी चहा पाजला, तुमची चौकशी केली आणि म्हणाले, आम्ही पर्मनंटचीच पावती फाडतो.

ज्यांनी युनियन केली त्यांचं काय झालं तेही तुम्हाला माहीत आहे. कचरा वाहतूक श्रमिक संघ ही ठेक्यावरच्या सफाई कामगारांचीच युनियन; तिच्या 2,700 जणांना पर्मनंट करा, असं औद्योगिक न्यायाधिकरणाने 2014 साली सांगितलं. महापालिका हायकोर्टात गेली, तिथे हरली, मग सुप्रीम कोर्टात. तिथला निकाल कामगारांच्या बाजूने लागला, पण तोही 7 एप्रिल 2017 ला. आधी तर त्यांना कामगारच म्हणत नव्हते, ‘स्वयंसेवक’ म्हणायचे. 1970 चा कंत्राटी कामगार कायदा तेव्हा 20 माणसांपासून पुढे लागू व्हायचा, म्हणून एकेका ठेक्यात 20 च्या आतच माणसं दाखवायची. स्वयंसेवक! पहाटे उठून कुजलेले मासे उचलायची हौस कोणाला असते?

समान काम, समान वेतनाचा सुप्रीम कोर्टाचा 2016 चा निकाल तुम्हीच मला पेपरात दाखवला होता. पण तो पंजाब सरकारच्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांचा. मध्ये ठेकेदार बसला की आधी तो ठेकाच नावापुरता आहे, हे सिद्ध करावं लागतं. सुप्रीम कोर्टाच्याच 2001 च्या निकालापासून हीच रीत आहे: काम कोण सांगतं, लक्ष कोण ठेवतं, सगळं साक्षी-पुराव्याने दाखवायचं. ठेकेदार तिला साधी पगाराची स्लिप देत नाही. मग सांगणार कोण? रोज तिच्या शेजारी झाडणारी मी. कागदावर फक्त तीन वाक्यं आहेत. ही सहा वर्षं इथे झाडते. काम मुकादम सांगतो. रजा मुकादमाकडेच मागते. यातलं एक तरी खोटं आहे का?

तुम्हीही आठ वर्षं बदलीवर होता. आई सांगते, रोज पहाटे तुम्ही चौकीच्या पायरीवर बसायचात. कोणी दांडी मारली तर काम, नाहीतर डबा तसाच घरी. तेव्हा साहेबापुढे ‘हा माणूस रोज येतो’ असं बोलणारा एक पर्मनंट गडी होता. त्याचं नाव घेताना तुमचा आवाज अजून बदलतो.

आणि आपण पर्मनंट तरी कुठे सारखे आहोत? तुम्हाला जुनी पेन्शन आहे, 2008 नंतर लागलेल्या मला नाही. युनियन तर तेव्हाही होती. चौकीच्या दारात आपल्या निम्म्या पगारात राबणारं माणूस उभं असेल, तर पुढच्या करारात आपल्या मागणीला वजन कुठून येणार? तिचा पगार वाढला की आपला कमी होईल, हे तुमच्या डोक्यात कोणी घातलं ते मला माहीत आहे. त्यांनाही जयभीम सांगा.

लाड-पागे समितीच्या नियमाने तुमच्या जागी मिळालेली वारसाची नोकरी धोक्यात घालतेस, असं तुम्ही आईला म्हणालात. नोकरी जाणार नाही. बीट बदलतील, लांबच्या चौकीत टाकतील. मुकादम आत्ताच नीट बोलत नाही. त्याची भीती वाटत नाही असं नाही, पण सही मागे घेणार नाही.

या महिन्यात पाचशे रुपये कमी पाठवलेत. नोटरी आणि झेरॉक्सचा अर्धा खर्च मी उचलला. आई, किराण्याला कमी पडलं तर सांग.

गुरुवारी तिच्या केसची तारीख आहे. दुपारी पाळी संपली की तिच्याबरोबर कोर्टात जाईन. संध्याकाळी सातनंतर घरी असते. फोन करा बाबा, आणि फोन आईकडे देऊ नका.

तुमची,
ताई