वरळीहून, नव्या घरातून

प्रिय बाळ्यास,
सप्रेम नमस्कार.

फोनवर नीट बोलणं झालं नाही, म्हणून निवांत लिहायला बसलोय. अखेर नव्या घरात राहायला आलो. पुनर्विकासात बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं मालकीचं घर! मधली भाड्याच्या घरातली वर्षं सोडून देतो, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आईचा आनंद विचारू नकोस. मजल्यावरच्या सामाईक संडासापुढे तिने उभा जन्म रांग लावली. गुडघे गेल्यावर रात्री उठायला नको म्हणून संध्याकाळनंतर पाणीसुद्धा पीत नसे. आता घरात दोन पावलांवर सोय आहे. चाळच बरी होती असं कुणी म्हटलं की मला राग येतो तो याचसाठी.

तरी एक गोष्ट मनातून जात नाही. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपात तुझ्या बाबांची गिरणी बंद पडली. माझे बाबा गोदीत, आमचा पगार चालू होता. एका संध्याकाळी पॅसेजमधून जाताना आईने पाहिलं, मावशी, म्हणजे तुझी आई, स्टोव्ह न पेटवताच परातीत थोडंसं पीठ घेऊन बसल्या होत्या, मळू की उद्याला ठेवू अशा. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे भाकऱ्या जास्त होऊ लागल्या आणि तू आमच्यातच जेवायला लागलास. ना मावशींना काही मागावं लागलं, ना आईला काही विचारावं लागलं. दारं उघडी होती, एवढंच.

इथे दारं बंद असतात. घरं लॉटरीने वाटली, त्यात जुने शेजारी कुठल्या कुठे विखुरले. परवा आपल्या माळ्यावरचे एक काका आजारी होते, ते मला ग्रुपवरच्या मेसेजमधून कळलं. फार लागलं मनाला. तेव्हापासून संध्याकाळी आमचं दार उघडं ठेवतो. आई तिथेच खुर्ची टाकून तांदूळ निवडत बसते. समोरच्या घरातली मुलगी आता तिच्याजवळ अभ्यासाला येते, तिची आई भाजी निवडायला. हळूहळू जमेल असं वाटतंय. जमवायलाच हवं रे.

गणपतीला मावशींना घेऊन नक्की ये. लिफ्ट आहे, त्यांना जिने चढावे लागणार नाहीत. राहायच्या तयारीनेच या. आणि येताना गावचं कुळथाचं पीठ आण, आईने आठवणीने सांगितलंय.

तुझाच,
सुऱ्या