छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या काकांना, ओव्यांच्या पानासाठी

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र छापून तुमच्या हातात देणारच आहे. पण ते सगळ्यांसमोरही ठेवते आहे, कारण तुम्ही मला जे शिकवलंत ते मराठीत वेबसाइट मांडायला बसणाऱ्या कुणाच्याही कामाचं आहे. नाव घालू नको असं तुम्ही बजावलं आहे, म्हणून घातलेलं नाही.

वाचनालयातली ती पावसाळी दुपार तुमच्या लक्षात असेल. आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची वेबसाइट मी नुकतीच उभी केली होती आणि तिची तीन पानं छापून टेबलावर पसरली होती. काहीतरी चुकतंय एवढंच कळत होतं. तुम्ही समोर वर्तमानपत्र वाचत होतात. उठून आलात, मथळ्यावर बोट ठेवलंत आणि विचारलंत, ‘ही शिरोरेषा कुणी तोडली?’

वेबसाइटसाठी मी विकत घेतलेला तयार साचा इंग्रजीसाठी बनवलेला होता. त्यात मथळ्याच्या दोन अक्षरांमध्ये थोडी मोकळी जागा सोडलेली होती. रोमन अक्षरं सुटी उभी राहतात, त्यांना ते शोभून दिसतं. आपली अक्षरं मात्र एका रेषेला धरून असतात. त्या मोकळ्या जागेने आजीच्या गावाच्या नावाचे चार तुकडे केले होते. घरी येऊन लेटर-स्पेसिंगचा आकडा शून्य केला आणि नाव पुन्हा एकसंध झालं. महिनाभर मी रंग बदलत बसले होते, काका, आणि दुखणं तिथे होतं.

दुसरं बोट तुम्ही ओळींवर ठेवलंत. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना टेकत होते. ‘मध्ये लेड घाल’ म्हणालात. मला शब्द कळला नाही, तेव्हा पुढच्या आठवड्यात घरी बोलावून तुम्ही ती शिशाची पट्टी दाखवलीत. खिळ्यांच्या दोन ओळींमध्ये ती सरकवायची, म्हणजे ओळी श्वास घेतात. लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, हा शब्द मी रोज लिहीत होते, पण त्याचं वजन त्या दिवशी हातावर कळलं. आकडा १.२ होता, तो १.७५ केला. आपल्या लिपीत मजकूर शिरोरेषेच्या वरही असतो आणि अक्षराच्या पायाखालीही, म्हणून तिला रोमनपेक्षा जास्त जागा लागते.

खरा पेच ओवीचा होता. ओवीची ओळ लांब आणि फोनचा पडदा अरुंद. ओळ कुठेही मोडायची आणि दोन ओळींची ओवी पाच ओळींची दिसायची. गाणारी बाई कुठे थांबली तेच हरवायचं. मी अक्षर लहान करून बघितलं, तर आईला ते वाचता येईना. तुम्ही कवितेचं एक जुनं पुस्तक काढलंत आणि नुसतं बघायला सांगितलंत. लांब ओळ मावली नाही की उरलेला तुकडा खालच्या ओळीवर आत सरकवून जुळवलेला होता. डोळ्याला आपोआप समजत होतं की ही नवी ओळ नाही, मागचीच आहे. तेच मी पडद्यावर केलं. प्रत्येक ओळीला डावीकडून समास दिला आणि तिची सुरुवात तेवढीच बाहेर ओढली. सीएसएस, म्हणजे पानाची सजावट सांगणारी वेबची भाषा, तिच्या दोन ओळींचं काम. आता कितीही छोट्या फोनवर ओवी दोनच ओळींची आहे हे कळतं. या एका गोष्टीसाठी मी तुमची आयुष्यभर ऋणी आहे, कारण वेबसाइट ज्यासाठी केली ती गोष्टच त्याआधी मोडत होती.

प्रेरणा कुठे शोधायची, हा प्रश्न मी तुम्हाला विचारला तेव्हा माझ्याकडे परदेशी वेबसाइट्सच्या चित्रांचा ढीग होता. सुंदर होती सगळी. पण त्यांतली एकही ओवीसाठी केलेली नव्हती. तुम्ही भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’कडे बोट दाखवलंत. एका चौकोनात तारीख, तिथी, नक्षत्र, सण अशी दाटी, तरीही नजर आधी तारखेवरच जाते. का जाते ते शोध, म्हणालात. १९७३ पासून घराघरांत लटकणारी ती पानं मी जन्मापासून बघत होते, पण मांडणी म्हणून पहिल्यांदा तेव्हा बघितली. मोठं काय, ठळक काय आणि लहान असूनही हाताशी काय, हा क्रम आधी आकाराने लावायचा, रंग त्यानंतर.

मग पेटीतून ‘दीपावली’चे अंक निघाले. मडगावात जन्मलेले चित्रकार दीनानाथ दलाल यांनी १९४५ मध्ये सुरू केलेला तो अंक. मुखपृष्ठावर चित्र आणि नावाची अक्षरं एकमेकांना कशी जागा देतात ते तुम्ही तासभर दाखवत होतात. मी फोन काढून त्यातलं एक चित्र वेबसाइटसाठी टिपायला लागले, तर तुम्ही हात धरलात. बघायचं, उचलायचं नाही. मी नंतर कायदा वाचला. आपल्याकडे कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. दलाल १९७१ मध्ये गेले, म्हणजे २०३१ संपेपर्यंत त्यांची चित्रं वारसांच्या परवानगीशिवाय कुणीही वापरू नयेत.

त्याच संध्याकाळी मी माझ्या पानांवरची सगळी शोधून उचललेली छायाचित्रं काढून टाकली. जात्याचं चित्र विकिमीडिया कॉमन्स या मोकळ्या चित्रांच्या संग्रहात मिळालं. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली छायाचित्रकाराचं नाव आणि परवान्याचा दुवा दिला की ते मोकळेपणाने वापरता येतं. त्या अनोळखी माणसाचं नाव चित्राखाली लिहिताना फार बरं वाटलं. नऊवारीतल्या आजीचा फोटो मी स्वतःच काढला, आणि वेबसाइटचे दोन रंग तिच्या इरकली साडीच्या काठावरून घेतले. मजकुराची फिकट करडी अक्षरं तेव्हाच गेली. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात निदान ४.५ ला १ एवढा फरक हवा, हा वेबचा मान्य निकष. आईच्या चष्म्याला तो लगेच पटला.

फॉन्टबद्दल तर तुम्ही मला रागावलात, आणि रागावायलाच हवं होतं. एका दुकानातून मी पेन ड्राइव्हवर कुणाचे तरी विकाऊ फॉन्ट फुकट आणले होते. ‘अक्षर घडवणाऱ्याच्या पोटाचं काय?’ एवढंच विचारलंत. मग शोधलं तेव्हा समजलं की ओपन फॉन्ट लायसन्सखाली कितीतरी देवनागरी अक्षरं राजीखुशीने मोकळी केलेली आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडवलेला ‘मुक्ता’ मी निवडला. त्यात आजीच्या ओवीतलं ‘कऱ्हाड’ नीट उमटतं. र वर जाऊन बसत नाही आणि तुटतही नाही.

आणि विंडोजमधल्या ‘मंगल’ या देवनागरी फॉन्टला मी नावं ठेवली तेव्हा तुम्ही र. कृ. जोशींबद्दल सांगितलंत. सुलेखनकार, कवी, आयआयटी मुंबईतले शिक्षक. प्रत्येक मराठी वेबसाइट आपापला फॉन्ट उतरवून घ्यायला लावायची आणि तो नसेल तर नुसती चिन्हं दिसायची, असा तो काळ. विंडोजसोबत आलेल्या त्यांच्या ‘मंगल’मुळे मराठी मजकूर कुणाच्याही संगणकावर वाचता येऊ लागला. त्यानंतर त्या अक्षराकडे मी आदरानेच बघते.

तुम्हाला देण्यासारखं माझ्याकडे एकच होतं, ते म्हणजे ‘सीएसएस झेन गार्डन’. कॅनडाच्या डेव्ह शे यांनी २००३ मध्ये सुरू केलेली ती वेबसाइट मी लॅपटॉपवर तुम्हाला दाखवली. मजकूर तोच, आतला सांगाडाही तोच, बदलते ती फक्त सजावटीची फाइल. जगभरच्या लोकांनी त्याच मजकुराची किती वेगवेगळी रूपं केली आहेत! तुम्ही एकेक पान उघडायला लावत गेलात, चहा गार झाला. शेवटी म्हणालात, ‘एकच हस्तलिखित, शंभर जुळारी.’ सीएसएस म्हणजे काय हे मला त्याआधी कुणी इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं.

मग तुम्हीच विचारलंत, ओव्यांचं काम आधी कुणी केलं आहे का? हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी गावोगाव फिरून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या वेबसाइटने २०१७ पासून त्या लोकांसमोर आणल्या. तिथे ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव असतं. माझ्या वेबसाइटवर नुसतं ‘पारंपरिक’ असं लिहिलेलं होतं. ते मी पुसलं. आता प्रत्येक ओवीखाली आजीचं किंवा तिच्या शेजारणीचं नाव आहे. परवा त्यांतल्या एका आजींनी नातवाच्या फोनवर आपलं नाव बघितलं आणि पदर डोळ्याला लावला. काका, तो क्षण तुमचाही आहे.

एक काम राहिलं आहे. पानाच्या सांगाड्यात भाषा मराठी असल्याची खूण मी घातली आहे. ज्या फॉन्टमध्ये सोय असते, तिथे त्या खुणेमुळे आपल्या वळणाचे ल आणि श आपोआप येतात, पाकळीचा ल आणि देठाचा श. दोन-तीन फॉन्टमध्ये तीच ओवी लावून छापली आहे. कुठला श ओवीला बरा दिसतो यावर माझं मन ठरत नाही. शनिवारी चारच्या सुमारास पानं घेऊन येते. भिंग काढून ठेवा.

तुमची,
ओव्या टिपणारी