पोट आत ओढून काढलेला फोटो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला 'स्वतःवर प्रेम करा' हा लेख वाचला. लेखिकेची तळमळ कळते, तिच्याबद्दल तक्रार नाही. पान उलटलं आणि मागे पाव पानाची चूर्णाची जाहिरात: डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर', ४५ दिवसांत १४ किलो कमी. म्हणजे पुढच्या बाजूला मुलींनी आरशासमोर उभं राहून 'मी आहे तशी छान आहे' म्हणायचं आणि मागच्या बाजूला त्यांनाच हे दाखवायचं. पानं लावणाऱ्याला माझा नमस्कार सांगा.

फोटोच्या धंद्यातला माणूस म्हणून त्या जोडफोटोबद्दल चार शब्द. 'आधी'मध्ये उजेड वरून येतोय, बहुधा छताच्या दिव्याचा. वरचा उजेड प्रत्येक वळीखाली सावली पाडतो. बाई कॅमेऱ्यासमोर सरळ, खांदे पडलेले, पोट सोडलेलं, लेगिंगचा पट्टा बेंबीच्या खाली रुतलेला. 'नंतर'मध्ये तीच बाई अंगाने तिरकी, एक पाय पुढे, हात कंबरेपासून सुटा, पट्टा बेंबीच्या वर, उजेड खिडकीसारखा बाजूने आणि मऊ. श्वास घेऊन धरलाय, ते गळ्याच्या हाडांवरून कळतं. एवढ्यावरच चारपाच किलोंचा फरक दिसतो आणि त्याला अर्धा तास पुरतो. चूर्ण लागत नाही.

उरलेलं काम संगणकावर. फोटोशॉपमध्ये लिक्विफाय नावाचं हत्यार आहे. मोठा ब्रश घेऊन कंबर दोन्ही बाजूंनी हलकेच आत ढकलायची, बस. पण ढकलताना मागची भिंतही सरकते. जाणता माणूस मागचा भाग आधी गोठवून घेतो, घाईतला घेत नाही. तुमच्या जाहिरातीतल्या पडद्याचे उभे पट्टे बघा: वर सरळ, खाली सरळ आणि नेमके कंबरेपाशी आत वाकलेले. पडद्यानेही चूर्ण घेतलं असावं.

चेहऱ्याचं तंत्र वेगळं. नीट करणारा त्वचेचा पोत एका थरावर आणि रंग दुसऱ्या थरावर घेतो, डाग काढतो, रंध्रं ठेवतो. स्वस्तातला सरसकट ब्लर मारतो, मग कपाळावरची बारीक लव जाते आणि गाल मेणाचा होतो. गोरेपणा चढवलेला ओळखायचा असेल तर चेहऱ्याकडे बघूच नये, कान आणि हाताची बोटं बघावीत. तिथपर्यंत जायचा कंटाळा सगळेच करतात. वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरते, फोटो काळवंडतो, म्हणून थोडा उजळ करून द्यावा लागतो हे मान्य. पण तेव्हा अख्खा फोटो उजळतात, एकटीचे गाल नाही.

लेखात सल्ला आहे 'समाजमाध्यमांपासून दूर राहा'. तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना हे सांगून बघा. त्यापेक्षा एक प्रयोग छापला असता तर पान सत्कारणी लागलं असतं. मुलीला खिडकीकडे तोंड करून उभं करा. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने एक फूट अंतरावरून एक फोटो काढा. मग मागच्या कॅमेऱ्याने, दोन पट झूम करून, पाच-सहा फुटांवरून दुसरा. दोन्ही वेळा ब्युटी मोड, म्हणजे चेहरा आपोआप गुळगुळीत करणारी फोनमधली सोय, शून्यावर आणा. बऱ्याच फोनमध्ये तो विकत घेतल्यापासूनच चालू असतो आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये पोर्ट्रेटसाठी वेगळा असतो, दोन्हीकडे बघा. आता दोन फोटो शेजारी ठेवा. पहिल्यात नाक पसरट, कान मागे गेलेले. दोष नाकाचा नाही, अंतराचा. नाक कॅमेऱ्याला कानांपेक्षा फार जवळ येतं, म्हणून मोठं दिसतं. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये हेच गणिताने मांडलं: १२ इंचांवरून नाक ५ फुटांच्या तुलनेत सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. सेल्फी बघून नाकाची शस्त्रक्रिया मागायला येणाऱ्यांसाठी त्यांना हे सांगावं लागलं! आणि तिसरा फोटो ब्युटी मोड पूर्ण चढवून काढा. मुलं स्वतःच हसतात.

इन्स्टाग्रामवरच्या कमेंटचा बंदोबस्तही होतो, लेखात त्याची ओळही नाही. सेटिंगमध्ये 'हिडन वर्ड्स' आहे, तिथे नको ते शब्द घालता येतात. चूक अशी होते की पालक देवनागरीत 'जाडी' घालून मोकळे होतात. पोरं ते रोमन लिपीत लिहितात, एक ए, दोन ए, मध्येच एच, आणि प्रत्येक स्पेलिंग वेगळं घालावं लागतं. वजन घटवण्याचे व्हिडिओ सारखे पुढे येत असतील तर प्रत्येकावर 'नॉट इंटरेस्टेड' दाबा, शेवटपर्यंत बघत बसू नका. रागाने बघितलं तरी यंत्राच्या हिशेबी ते बघितलंच. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या मावशीला मात्र कुठलंही सेटिंग लागू पडत नाही.

आता तुमच्या जाहिरात विभागासाठी. ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा १९५४ सालचा आहे. ज्या तक्रारींवर औषधाची जाहिरात करताच येत नाही अशांची यादी त्याच्या परिशिष्टात आहे आणि त्यात लठ्ठपणा आहे. उंचीही आहे, स्त्रियांच्या छातीचा आकारही आहे. जाहिरात देणाऱ्यासाठी हा कायदा आहे तसा छापणाऱ्यासाठीही. 'दाव्यांची खातरजमा वाचकांनी स्वतः करावी' ही ओळ तुम्ही मुंगीच्या अक्षरात छापता, तिने अशी जाहिरात छापायचा परवाना मिळतो असं त्या विभागाला वाटत असेल तर एकदा वकिलांना विचारून घ्या. फ्रान्समध्ये मॉडेलचं अंग संगणकावर बारीक किंवा जाड केलं असेल तर जाहिरातीत तसं लिहावं लागतं, २०१७ पासून. तुम्हाला कायद्याची वाट बघायची गरज नाही. 'फोटोत बदल केला आहे' एवढं तुम्ही तुमच्या हद्दीत उद्यापासून लिहू शकता, आणि अक्षर जरा मोठं घ्या.

जाता जाता, वधू-वर पानाचंही बघा. 'गोरी, सडपातळ' हे दोन शब्द रविवारी किती वेळा येतात ते तुमच्याच माणसाला मोजायला बसवा. पैसे शब्दांवर घेता, तर या दोन शब्दांना चौपट दर लावा. बंद होतील किंवा निदान तुमचा फायदा होईल.

पत्र लांबलं, कात्री लावणारच. पडद्याचा भाग उडवलात तरी चालेल, कायद्याचा राहू द्या.

आपला,
एक फोटोग्राफर, सांगली