सिस्टर मावशी, हा निकाल तुमचाही आहे

मावशी, सप्रेम नमस्कार.

हॉस्पिटलविरुद्ध ग्राहक आयोगात केलेल्या आपल्या तक्रारीच्या निकालाची प्रमाणित प्रत परवा हातात आली. आबांना मोठ्यानं वाचून दाखवली आणि लगेच हे पत्र लिहायला घेतलं. समोर बसून आभार मानले की तुम्ही "चहा टाक आधी" म्हणून विषय बदलता, म्हणून यावेळी चारचौघांत लिहिते आहे.

जानेवारी २०२२ मध्ये आबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. कमरेत भूल दिली होती, पायांना काही कळत नव्हतं. थंडीचे दिवस होते. मी औषधं आणायला खाली गेले, तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवली. तासाभरानं पांघरूण सरकवलं तर उजव्या टाचेवर लिंबाएवढा फोड. आबा मात्र म्हणत होते, "दुखत नाही गं, झोप तू." साखरेचा माणूस. टाच काळी पडली, आणखी दोन ऑपरेशनं झाली, मांडीची कातडी काढून लावावी लागली. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर पंचवीस वर्षं दिवाणजी असलेले आबा चार महिने खाटेवर होते.

भेटायला येणारा जो तो "नशीब" म्हणून जायचा. तुम्ही आलात, चष्मा लावलात, बॅटरी मागितलीत आणि आबांचा पाय मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बघत बसलात. मग एवढंच विचारलंत, "पिशवीला फडकं गुंडाळलं होतं का?" तोपर्यंत हा प्रश्न एकाही माणसानं विचारला नव्हता. माझ्या बाबतीत सगळं तिथून सुरू झालं.

धाकटा चार पोरं घेऊन हॉस्पिटलात निघाला होता. तुम्ही दारात आडव्या उभ्या राहिलात. एक काच फुटली तरी २०१० च्या कायद्यानं अजामीनपात्र गुन्हा लागेल आणि टाच राहील बाजूला, असं त्याला खडसावलंत. दुसऱ्या दिवशी माझ्याकडून केस पेपरसाठी अर्ज लिहून घेतलात. "पोच घेतल्याशिवाय परत येऊ नकोस." बहात्तर तासांत कागद द्यावे लागतात हा नियम तुम्हांला तोंडपाठ होता. मुंबई उच्च न्यायालयानं १९९६ मध्येच पेशंटचा हा हक्क मान्य केल्याचं नंतर वकीलसाहेबांनी सांगितलं. आमच्या हातात कागद पडायला नऊ दिवस लागले, पण ते त्या शिक्क्याच्या पोचेमुळेच पडले.

मग ती रात्र. जमिनीवर चादर अंथरून तुम्ही सगळे कागद तारखेप्रमाणे, ड्युटीप्रमाणे लावलेत. हॉस्पिटलनं पुढे लेखी जबाबात म्हटलं, ही मधुमेहाची जुनी जखम आहे. त्याचं उत्तर तुम्ही त्या रात्रीच शोधून ठेवलं होतं. भूल देण्याआधीच्या तपासणीत स्पष्ट लिहिलेलं, दोन्ही पायांवर जखम नाही. आणि दुपार, रात्र, सकाळ अशा तिन्ही पाळ्यांमध्ये "पाय तपासले, त्वचा ठीक" ही ओळ एकाच अक्षरात, एकाच निळ्या पेनानं! बाकी नोंदींत अक्षर पाळीगणिक बदलत होतं. त्या ओळीवर बोट ठेवून तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. तुमच्याच पेशातलं कुणीतरी ते लिहिलं होतं, याचं तुम्हांला काय झालं असेल ते मला तेव्हा समजलं नाही.

मला तक्रारीत त्या रात्रपाळीच्या सिस्टरचं नाव पहिल्यांदा घालायचं होतं. खूप राग होता. तुम्ही ड्युटीचा तक्ता दाखवलात. अठ्ठावीस खाटांना एकटी मुलगी, नोकरीला सहा महिनेही झाले नव्हते. "हिला कुणी शिकवलं नाही आणि हिच्यासोबत कुणी ठेवलं नाही. जबाब त्यांच्याकडून घे." तक्रार हॉस्पिटलविरुद्ध झाली, त्या मुलीचं नाव कुठेही आलं नाही. आज वाटतं, तसं झालं नसतं तर या निकालाचा मला आनंद झाला नसता.

दोन वर्षांच्या मुदतीत तक्रार दाखल झाली. दिलेलं बिल पाच लाखांच्या आत, त्यामुळे आयोगाची फी भरावी लागली नाही. तारखा मात्र पडत राहिल्या. कधी समोरचे वकील गैरहजर, कधी आयोगात सदस्यच नाही. मी कंटाळले की वकीलसाहेब पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर मांडीचं हाड मोडलेल्या तरुणाची गोष्ट सांगायचे. १९५३ साली पुण्यात उपचारांत तो गेला. आईवडील लढले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९६८ मध्ये आला, भरपाई तीन हजार रुपये. पण डॉक्टरनं पेशंटची काळजी किती घ्यायची, हे सांगताना आजही त्या निकालाचा आधार घेतात.

आणि तुमचं शपथपत्र. नोंदी कशा ठेवतात, बधिर पायाला शेक का देत नाहीत, हे तुम्ही पाच पानांत लिहिलंत. समोरून लेखी प्रश्न आला, तुम्ही डॉक्टर नाही, तुम्हांला भाजण्यातलं काय कळतं? तुमचं उत्तर मला पाठ आहे: "चौतीस वर्षं सरकारी वॉर्डात भाजलेल्यांचं ड्रेसिंग केलं आहे." सर्वोच्च न्यायालय २०१० मध्ये म्हणालं आहे की प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञ डॉक्टरचं मत लागतंच असं नाही, तोही आधार आयोगानं घेतला. पण निकालात तुमच्या शपथपत्रावर सबंध एक परिच्छेद आहे, मावशी. त्यापायी तुमच्या जुन्या मैत्रिणींनी हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत, मला दुसरीकडून कळलं.

चार लाख वीस हजार आणि व्याज द्यायचा आदेश झाला आहे. पंचेचाळीस दिवसांत ते राज्य आयोगाकडे अपिलात जाऊ शकतात. गेले तर आपली फाईल तयार आहे, तुम्हीच लावून दिलेल्या क्रमानं.

आबा आता मऊ रबराची चप्पल घालून गल्लीच्या टोकापर्यंत चालतात. रविवारी ते स्वतः तुमच्या दारापर्यंत येणार आहेत, मला सोबत घ्यायचं नाही म्हणतात. पायरीशी तेवढा हात द्या.

तुमची,
आबांची थोरली