घरी गुणी, शाळेत उपद्व्यापी

पालक मुलांच्या वागण्याबद्दलच्या शाळेच्या तक्रारी मान्यच करत नाहीत, असा सूर लावणारा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला, पटला नाही. मत जुळलं नाही म्हणजे कुणीतरी एक खोटं बोलतंय असं का धरायचं? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस आकेनबाख आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली मुलांच्या वागण्याबद्दलचे ११९ अभ्यास एकत्र तपासले, त्यात एकाच भूमिकेतल्या दोघांच्या, म्हणजे आई-वडिलांच्या किंवा दोन शिक्षकांच्या, मतांचा सहसंबंध (० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) ०.६० निघाला आणि पालक-शिक्षकांसारख्या वेगवेगळ्या भूमिकेतल्यांचा फक्त ०.२८. जो मुलगा घरी फरशीवर पालथा पडून तासभर चित्रं काढतो तोच श्रुतलेखनाच्या तासाला बेंचवर पट्टी आपटत बसतो, आणि दोन्ही खरं असतं. बाईंसमोर त्याच वयाची तीस-चाळीस पोरं असतात, त्यामुळे जास्तीचं काय ते त्यांना चटकन दिसतं, घरी तुलनेला असतं कोण, फार तर शेजारचा बंड्या! उलट रात्रीची रडारड, धाकटीला मारणं हे शाळेला कळतच नाही. म्हणून तर एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न लागणं आणि अतिचंचलता या विकाराचं, निदान करतानाही लक्षणं किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत अशी अट आहे, एकट्या शाळेच्या शेऱ्यावर ते होत नाही. तेव्हा डायरीत नुसतं 'खूप मस्ती करतो' लिहून पालकांची सही मागण्यापेक्षा कुठल्या तासाला, कशानंतर, शेजारी कोण बसलेलं असताना एवढं तरी शाळांनी लिहावं, आणि पालकांनीही सहीसोबत घरचं दोन ओळीत कळवावं.

- एक पालक, ठाणे