शिडी शोधू नका

ठाणे, २३ ऑगस्ट २०२६

ती. आई आणि ती. बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, पडवीतली शिडी शोधत असाल तर शोधू नका. चोरीला गेलेली नाही. मी भाऊकाकांना सांगून ती त्यांच्या शेतातल्या मांगरात नेऊन ठेवायला लावली आहे. काकांवर रागावू नका, ते आधी नाहीच म्हणत होते. "तुझो बापूस माका सोडूचो नाय" म्हणाले. मीच गळ घातली. आईला यातलं काही माहीत नव्हतं, तेव्हा तिच्याकडेही डोळे वटारून बघू नका.

फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणता आणि दुसऱ्या वाक्याला फोन आईच्या हातात देता. म्हणून पत्र. चहा घेऊन बसा आणि मग वाचा. चष्मा रेडिओच्या मागे असेल.

तर, यंदा चवथीची, म्हणजे गणपतीच्या मागची भिंत आणि त्याच्यावर टांगायची माटवी मी करणार. विचारत नाही, कळवते आहे. रजा मंजूर झाली, तिकीटही आलं. यंदा अधिक ज्येष्ठामुळे चवथ थेट १४ सप्टेंबरवर गेली, त्यामुळे ऑफिसातही कोणी कुरकुर केली नाही. ४ तारखेच्या रात्री कोकणकन्येत बसते, ५ ला सकाळी कुडाळला उतरेन. हल्ली रिझर्व्हेशन साठच दिवस आधी उघडतं, म्हणून ६ जुलैला सकाळी आठच्या ठोक्याला दोन फोन हातात घेऊन बसले होते. इतका आटापिटा केल्यावर तुम्ही मला "तू कशाला येतेस, मी करतो हळूहळू" म्हणणार असाल, तर आधीच सांगते, ऐकणार नाही.

तुम्हाला जमत नाही असं मी म्हणत नाही. तुमच्याइतकी सरळ रेघ आपल्या घरात कोणाच्या हातून आली आहे? पण मे महिन्यात मी माजघराच्या खिडकीत उभी होते, बाबा. तुम्ही भिंतीवरची पुट्टी खरवडून शिडीवरून उतरलात, खांबाला हात लावलात आणि तसेच उभे राहिलात. मी मनात आकडे मोजले. सदतीसपर्यंत गेले. मग तुम्ही "ऊन काय रे हे" म्हणत पाणी मागितलंत. ऊन नव्हतं, त्या दिवशी सकाळपासून मळभ होतं. डॉक्टरांनी प्रेशरची नवी गोळी देताना सांगितलं होतं की एकदम उठलं, वर बघितलं की घेरी येऊ शकते, बेतानं उठा. शिडीवर काम करताना माणूस वरच बघतो ना? आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन जानेवारीतलं. कळीचा चुना विरवताना उकळतो, उडतो. एक थेंब डोळ्यात गेला तर काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. लहानपणी आम्हाला पिंपापासून दहा हात लांब उभं करणारे तुम्हीच.

खरं म्हणजे त्या दिवशी मला आणखी एक गोष्ट दिसली. मागे चुलीसाठी लाकडं आणायला गेले, तर लाकडांवर तो सजावटीचा फ्लेक्स अंथरलेला. राजवाडा उलटा, खांबांची टोकं खाली, आणि सिंहासनाच्या जागी कोंबडी बसलेली. मला हसू आलं आणि मग बराच वेळ काही सुचलं नाही. दोन वर्षांपूर्वी मी तो कुरिअरने पाठवला आणि वर फोन करून म्हटलं, "बाबा, आता काही करायला नको, चार खिळे मारले की झालं." तुम्ही चार खिळे मारलेत. गेल्या वर्षीही तोच लावलात. "छान आहे" असंही म्हणालात. मी आदल्या दिवशी रात्री पोचले, आरतीचे फोटो काढले आणि गौरी जेवायच्या आत परत. फोटोत मागे तो राजवाडा. मला तेव्हाही बोचलं नाही, याचंच आता जास्त बोचतं.

थर्माकोलचा हट्टही माझाच होता. १९९८ साल, कोकण रेल्वे नुकती सुरू झालेली आणि मामा दादरहून ते मखर मांडीवर घेऊन आला. भिंत रंगवणं म्हणजे गावठी, असं मी बारा वर्षांची शहाणी तुम्हाला सांगत होते. तुम्ही त्या वर्षी कुंचले धुऊन वळचणीला खोचलेत ते वीस वर्षांनी, २०१८ ला बंदी आली तेव्हा काढलेत. काही बोलला नाहीत. तुमचं हे न बोलणं फार महागात पडतं हो.

आता कामाचं. भिंतीला झालं काय, ते मी नीट समजून घेतलं आहे. दादाने पुट्टी आणि प्लॅस्टिक पेंट मारला तो आपल्या भल्यासाठीच, त्याला आता बोलून उपयोग नाही, वहिनीसमोर तर अजिबात नको. पण आपली भिंत चिऱ्याची, मातीत बांधलेली, वर चुन्याचा गिलावा. पावसात ती ओल पिते आणि हळूहळू बाहेर टाकते. चुना तिला श्वास घेऊ देतो, प्लॅस्टिक पेंट तोंड दाबतो. ओल अडली की आतून खार फुलतो आणि पापडासारखे पोपडे सुटतात. पहिल्याच श्रावणात पेंट भाकरीसारखा टम्म फुगला होता, आठवतं? रंगाऱ्याने "भिंतच खराब" म्हणून हात झटकले. भिंत खराब नाहीये.

तेव्हा पुन्हा चुनाच. आणि मी सराव केला आहे, हसू नका. आमच्या बिल्डिंगच्या मागची कंपाउंडची भिंत चुन्याचीच आहे. वॉचमनकाकांना विचारून तिचा सहा फुटांचा तुकडा रंगवला. पहिल्या वेळी दह्यासारखा दाट लावला, म्हटलं एका हातात काम होईल. दुसऱ्या दिवशी तडे जाऊन खपल्या निघाल्या, आणि वॉचमनकाका रोज सकाळी "मॅडम, आणखी थोडी पडली" असा रिपोर्ट द्यायचे. दुसऱ्या वेळी ताकासारखा पातळ केला, आधी भिंत पाण्याने भिजवून घेतली, थोडी नीळ, थोडा डिंक. लावला तेव्हा काहीच दिसेना, नुसती ओली भिंत. मी वैतागून वर गेले. सकाळी बाल्कनीतून बघितलं तर तो तुकडा वाळून पांढराशुभ्र. तेव्हा तुम्ही आठवलात. पहिला हात दिल्यावर तुम्ही कधी भिंतीकडे बघत बसायचा नाहीत. सरळ आंघोळीला जायचात.

५ ला येऊन उरलेली पुट्टी खरवडते, ६, ७, ८ ला एकेक हात, पावसाची हवा आहे म्हणून मध्ये रात्र जाऊ द्यायची. ९ पासून चित्र. १३ ला माटवी. बसतं ना?

आई, तुझी गैरसोय होणार नाही. धुरळा फक्त बाहेरच्या खोलीत, मधल्या दाराला मी जुनी साडी ओली करून लावेन. स्वयंपाकघराला हात लावत नाही, तुझी फळी, तुझे डबे, सगळं जागच्या जागी. बाबांची खाट चार दिवस माजघरात, खिडकीपाशी, रेडिओसकट, म्हणजे सातच्या बातम्या चुकणार नाहीत. चारचा चहा मी करेन. माझ्यासाठी वेगळं काही करत बसू नकोस, पेज आणि सुक्या बांगड्याचा तुकडा दिलास तरी चालेल. म्हणजे श्रावण संपल्यावर, कळलं. आणि तुझ्या गुडघ्याचं तेल आणते आहे, दोन बाटल्या. मागची अर्धी बाटली तू काकीला दिलीस हे मला ठाऊक आहे.

आणखी एक, सोमवारी ३१ तारखेला वायरमन येईल, मी बोलले आहे. मीटरशेजारी एक ब्रेकर बसवायचा आहे, तीस मिलिअँपिअरचा. वायरीतून करंट जरा कुठे गळला की तो आपोआप पडतो, झटका माणसाच्या जिवावर बेतायच्या आत. ओल्या भिंतीवर माळा लावायच्या तर तो हवाच. बाबा, तुम्ही चिकटपट्टी गुंडाळून केलेले ते तीन जोड मी मे महिन्यात मोजले आहेत. त्याला काम करू द्या, शेजारी उभं राहून शिकवू नका. पैसे दिलेले आहेत, फक्त चहा द्या. बाथरूममध्येही एक स्टीलची दांडी मी स्वतः बसवणार आहे. टॉवेल वाळत घालायला, असं समजा. चिरा ठिसूळ, ड्रिलचा हातोडा चालू ठेवला की भोक भसकन मोठं होतं, म्हणून सावकाश फिरवून करायचं, हेही शिकले. (इथल्या बाथरूममध्ये पहिलं भोक नळाच्या पाइपात पाडलं. ते जाऊ दे.)

माटवीची चौकट माळ्यावरून काका उतरवून देतील. वाळवी लागली आहे का ते फक्त बघा, बसून. सुपारीचं शिपटं, तवसं, पाच नारळ म्हणजे वजन थोडं नाही, मधल्या तुळईची कडी सुताराला हलवून बघायला सांगितली आहे. माटवीला बांधायची फळंफुलं आणायला रानात मी आणि काकांचा धाकटा जाऊ. बाजारात आदल्या दिवशी सगळं सामान विकायला येतं हे माहीत आहे, पण तुम्हाला ते पटत नाही हेही माहीत आहे. कवंडळ मला ओळखता येतं, लालबुंद असतं म्हणून. शेरवडही, त्या पांढऱ्या पानांमुळे. कांगलं आणि हरणं मात्र मला धड आठवत नाहीत. तुम्ही आणायचात आणि मी पडवीत बसून जुड्या बांधायचे, झाडावर कधी बघितलीच नाहीत. तर तुम्ही बांधापर्यंत चला, काठी घेऊन, चपला घालून, आणि तिथून बोट दाखवा. बांध ओलांडायचा नाही. कळलावी मीच तोडेन आणि हात धुवेन, आई, तू ओरडायच्या आत.

आता चित्राचं. हे मी सगळ्यात शेवटी ठेवलं, कारण कसं लिहावं कळत नव्हतं. मी भिंत करणार म्हणजे भिंत माझी, असं नाही. तुमची लाकडी खुर्ची भिंतीला लावून मी मापं धरली आहेत, मे महिन्यातच, तुम्ही झोपला होतात तेव्हा. बसून तुमचा हात साधारण चार फुटांपर्यंत जातो. तेवढी सगळी भिंत तुमची. तळं, कमळं, बदकं, हत्तींचे पाय, जे हवं ते. त्याच्या वरचं मी करेन, तुम्ही सांगाल तसं. हाताला थोडा कंप येतो म्हणून तुम्ही हल्ली सही करायचंही टाळता, आईने सांगितलं. पाण्याच्या लाटा काढा मग. त्या कोणी सरळ काढतं का?

मी सात वर्षांची असताना तुम्ही मला कोपऱ्यातला पोपट काढायला दिला होता. मी करवंटीतला हिरवा रंग सगळा संपवला आणि पोपटाची कोंबडी झाली. दादा हसून लोळला. मी रडायच्या बेतात. तुम्ही मागे सरून बघितलंत आणि म्हणालात, "असांदे, पोपट जेवान इलोहा." आणि त्याच्यापुढे एक केळीचं पान काढलंत, त्यावर भाताची मूद. अकरा दिवस आलेला प्रत्येक माणूस आधी त्या पोपटाला बघायचा आणि मग देवाला.

काव, नीळ आणि पिवळा मी इथून आणते, हिरवा तुम्हाला हवा तसा मिळत नाही, तो तिथेच कालवू. तुमचे जुने कुंचले वळचणीला असतील तर आईकडून काढून घ्या, स्वतः स्टुलावर चढू नका. स्टूल न्यायला मी काकांना सांगितलेलं नाही, तुमच्यावर विश्वास ठेवला आहे.

पाट गणपतीच्या शाळेत दिलात का? नसेल तर काकांबरोबर उद्याच पाठवा. आणताना पाट काकांचा धाकटा डोक्यावर घेईल, तुम्ही पुढे घंटा वाजवत चला. घंटा तुमच्यासारखी त्याला वाजवता येत नाही.

गोळी रात्रीची, सकाळची नाही. विसरू नका.

तुमची,
बायो

ता. क. आई, चुना भिजत घालू नकोस, बाबांनी कितीही सांगितलं तरी. पिंप फक्त धुऊन उन्हात पालथं घालून ठेव. ऊन पडलंच तर.